शाळेच्या रेफरेंडमनं घराचा कर किती वाढणार, याचा हिशेब घरबसल्या कसा करावा

अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या मुलाबाळांकडे कधी ना कधी टपालानं एक गुळगुळीत, रंगीत पत्रक येतं. वर हसऱ्या मुलांचा फोटो, खाली गळकं छप्पर नाहीतर दाटीवाटीचा वर्ग, आणि एका चौकटीत ठळक अक्षरांत आकडा: "१ लाख डॉलरच्या घरामागे महिन्याला ४ डॉलरपेक्षाही कमी." शाळेला पैसे हवे आहेत आणि ते कर वाढवून द्यायचे की नाही यावर मतदान आहे. तिकडे त्याला रेफरेंडम म्हणतात. माझी भाची विस्कॉन्सिनमध्ये राहते. तिच्याकडे असं पत्रक आलं तेव्हा तिनं फोटो काढून मला फोंड्याला पाठवला आणि विचारलं, "मामा, आमचं घर ४ लाखांचं. म्हणजे महिन्याला १६ डॉलर. बरोबर ना?"

माझी सगळी नोकरी एका अनुदानित हायस्कूलच्या हिशेबाच्या टेबलावर गेली. शाळेकडे येणारा प्रत्येक रुपया कुठल्या खात्यातून आला आणि कुठल्या खात्यात गेला हे बघणं हेच काम. त्यामुळे तिच्या प्रश्नानं मी त्या करपद्धतीत शिरलो, तिच्या डिस्ट्रिक्टची अंदाजपत्रकं वाचली, तिच्या कराच्या बिलातली ओळ अन् ओळ तिच्याकडून समजून घेतली. त्यातून जी रीत हाती आली ती इथं मांडतो. गोव्यातल्या कितीतरी घरांतली पोरं आज तिकडे घराचे हप्ते फेडत आहेत आणि असा प्रश्न आला की फोन आधी इकडे येतो. भाचीच्या गावाचं नाव देत नाही आणि आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत. रीत मात्र जशीच्या तशी आहे.

शाळेचा आणि घरपट्टीचा संबंध काय?

आपल्याकडे हा प्रश्नच पडत नाही. घरपट्टी पंचायतीला किंवा पालिकेला जाते, तिच्यातून रस्त्यावरचे दिवे, गटारं, कचरा. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून येतो. गावात नवी शाळा बांधली म्हणून कुणाची घरपट्टी वाढत नाही.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी स्कूल डिस्ट्रिक्ट ही स्वतंत्र संस्था असते. तिचं मंडळ लोक निवडून देतात, तिला स्वतःची हद्द असते आणि त्या हद्दीतल्या घरा-दुकानांवर कर लावण्याचा अधिकार असतो. ही हद्द गावाच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. एकाच गावातल्या दोन रस्त्यांवरची घरं दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये असू शकतात. म्हणून पहिलं काम, मागच्या वर्षीचं कराचं बिल काढून त्यावर कुठल्या स्कूल डिस्ट्रिक्टचं नाव आहे ते बघणं. शेजाऱ्याकडे आलेलं पत्रक तुमच्यासाठी आहे असं धरून चालू नका.

विस्कॉन्सिनमध्ये १९९३-९४ पासून प्रत्येक डिस्ट्रिक्टला कमाईची एक मर्यादा घालून दिलेली आहे. राज्याचं सर्वसाधारण अनुदान आणि स्थानिक मालमत्ता कर मिळून दर विद्यार्थ्यामागे ठरावीक रकमेच्या वर जायचं नाही. जायचं असेल तर लोकांना विचारायचं. म्हणून तिथं हे कौल सारखे निघतात. एकट्या २०२४ साली त्या राज्यात असे २४० हून अधिक प्रश्न मतपत्रिकांवर आले. आपल्याकडे गोव्याच्या विलीनीकरणावर १६ जानेवारी १९६७ ला जो जनमत कौल झाला तो एकदाच झाला आणि त्यानं प्रश्न निकाली निघाला. तिथं तसं नाही. हरलेला प्रश्न रक्कम थोडी कमी करून पुढच्या निवडणुकीला पुन्हा येतो, म्हणून एकदा केलेला हिशेब जपून ठेवा, तो परत लागतो.

मतपत्रिकेवरचा प्रश्न नीट वाचा

पत्रक बाजूला ठेवा आणि मतपत्रिकेवर जो मजकूर येणार आहे तो मिळवा. डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर तो ठरावाच्या स्वरूपात असतो. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: रक्कम किती, किती वर्षांसाठी, आणि कशासाठी.

"कशासाठी" हे सगळ्यांत महत्त्वाचं. इमारत बांधायला किंवा दुरुस्त करायला पैसे हवे असतील तर डिस्ट्रिक्ट रोखे काढतं, म्हणजे कर्ज घेतं आणि वीसेक वर्षांत व्याजासकट फेडतं. करात येतो तो या कर्जाचा हप्ता. दुसरा प्रकार चालू खर्चाचा: पगार, बस, वीज, पुस्तकं. इथं कर्ज नसतं, मागितलेली रक्कम सरळ त्या त्या वर्षाच्या करात येते. या दुसऱ्या प्रकारातही दोन पोटभेद आहेत. एकात मुदत असते, समजा ४ वर्षं, आणि ती संपली की जादा कर थांबतो. दुसऱ्यात मुदत नसते, एकदा मंजूर झालं की ती रक्कम कायमची मर्यादेत मिसळते. मतपत्रिकेवर पहिल्याला नॉनरिकरिंग आणि दुसऱ्याला रिकरिंग म्हटलेलं असतं. एवढा एक शब्द नीट पाहिला नाही तर हिशेब वीस-वीस वर्षांनी चुकतो.

रक्कम वाचतानाही घाई नको. एप्रिल २०२४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहराच्या सरकारी शाळांसाठी २५ कोटी २० लाख डॉलरचा कौल थोडक्या मतांनी मंजूर झाला. ती रक्कम एका वर्षात येणार नव्हती. पहिल्या वर्षी १४ कोटी, मग ५ कोटी १० लाख, मग ४ कोटी ७० लाख आणि शेवटी १ कोटी ४० लाख अशा पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर चढत जाऊन तिथंच राहणारी होती. बातमीच्या मथळ्यात मात्र एकच बेरीज दिसते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅडिसनमध्ये दोन वेगळे प्रश्न होते, एक ५० कोटी ७० लाखांचा इमारतींसाठी आणि एक १० कोटींचा चालू खर्चासाठी. इमारतींचा आकडा पाचपट मोठा, पण तो वर्षानुवर्षं फेडायचा. तेव्हा नुसत्या आकड्याकडे बघून कुठला प्रश्न तुम्हाला जास्त महाग पडेल ते सांगता येत नाही. प्रत्येक रकमेला आधी "वर्षाला किती" या मापात आणा.

चालू खर्चाच्या प्रश्नात ते मतपत्रिकेवरच लिहिलेलं असतं. कर्जाच्या प्रश्नात हप्ता काढावा लागतो. २० वर्षांच्या समान हप्त्यांत १ लाख डॉलर फेडायला ३ टक्के व्याजानं वर्षाला सुमारे ६,७२२ डॉलर लागतात, ४ टक्क्यांनी ७,३५८ आणि ५ टक्क्यांनी ८,०२४. एक्सेल येत असेल तर पीएमटी हे सूत्र हेच काम करतं. भाचीच्या डिस्ट्रिक्टला नव्या इमारतीसाठी ६ कोटी हवे होते. ४ टक्के धरले तर वर्षाचा हप्ता सुमारे ४४ लाख १५ हजार डॉलर. वीस वर्षांत एकूण फेड सुमारे ८ कोटी ८३ लाख. मतपत्रिकेवर फक्त ६ कोटी दिसतात, कारण ते मुद्दल आहे.

आपला वाटा

यापुढचं सगळं एका भागाकारावर उभं आहे. पत्रकं "मिल रेट" सांगतात, म्हणजे घराच्या किमतीच्या दर हजार डॉलरमागे किती कर. दर समजून घ्यायला हरकत नाही, पण मला वाट्याची भाषा जास्त सरळ वाटते. देवळाच्या जीर्णोद्धाराला लागणारा खर्च महाजनांनी आपापल्या वाट्यानं उचलावा तसंच हे आहे: एकूण रक्कम ठरलेली, ती डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या मालमत्तांवर किमतीच्या प्रमाणात वाटली जाते.

भाचीच्या डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या करपात्र मालमत्तेची किंमत ३०० कोटी डॉलर. तिचं घर ४ लाखांचं. ३०० कोटींना ४ लाखांनी भागलं की ७,५०० येतात. म्हणजे डिस्ट्रिक्टनं लावलेल्या प्रत्येक ७,५०० डॉलरपैकी १ डॉलर तिच्या घरावर पडतो. ही ७,५०० ची संख्या एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायची. डिस्ट्रिक्टच्या कराचा कुठलाही आकडा कानावर आला की त्याला ७,५०० नं भागायचं. ४४ लाख १५ हजारांचा हप्ता? भागिले ७,५००, म्हणजे वर्षाला सुमारे ५८९ डॉलर. चालू खर्चासाठी वर्षाला २० लाखांचा प्रश्न आला? वर्षाला सुमारे २६७ डॉलर.

दोन आकडे कुठून घ्यायचे ते सांगतो. डिस्ट्रिक्टची एकूण किंमत, जिला इक्वलाइज्ड व्हॅल्यू म्हणतात, ती राज्याचं महसूल खातं दर वर्षी ठरवतं आणि डिस्ट्रिक्टच्या अंदाजपत्रकात ती छापलेली असते. घराची किंमत घ्यायची ती कराच्या बिलावरून, आणि इथं सावध राहायचं. विस्कॉन्सिनच्या बिलावर वरच्या भागात दोन किमती असतात. एक गावाच्या असेसरनं ठरवलेली, जमीन आणि बांधकाम अशी वेगळी दाखवून त्यांची बेरीज केलेली. दुसरी अंदाजे बाजारभाव. मध्ये एक छोटासा अपूर्णांक असतो, समजा ०.८०, तो सांगतो की गावाची नोंद बाजारभावाच्या किती टक्क्यांवर आहे. भाचीच्या बिलावर असेसरची किंमत ३ लाख २० हजार होती, अपूर्णांक ०.८० आणि बाजारभाव ४ लाख. डिस्ट्रिक्टचा आकडा बाजारभावावर बेतलेला असतो, म्हणून भागाकारालाही बाजारभावच घ्यायचा. ३ लाख २० हजार घेतले असते तर ५८९ च्या जागी ४७१ आले असते आणि शंभराहून जास्त डॉलर हिशेबातून गायब झाले असते. ज्या गावात बऱ्याच वर्षांत फेरआकारणी झालेली नाही तिथं हा फरक याहूनही मोठा असतो.

याच भागाकारातून आणखी एका भीतीचं उत्तर मिळतं. "घराची किंमत वाढली, आता शाळेचा करही तितकाच वाढणार" असं पुष्कळ लोक म्हणतात. डिस्ट्रिक्टची रक्कम ठरलेली असते. सगळ्यांच्या घरांच्या किमती सारख्याच वाढल्या तर तुमचा वाटा तोच राहतो. तुमच्या घराची किंमत इतरांपेक्षा जास्त वेगानं वाढली तरच वाटा वाढतो.

कशाच्या तुलनेत?

आता भाचीच्या १६ डॉलरकडे येऊ. वर्षाला ५८९ म्हणजे महिन्याला ४९ डॉलर होतात. पत्रकाप्रमाणे ४ लाखांच्या घराला महिन्याला १६. पत्रक छापणाऱ्यांनी खोटं लिहिलं होतं का? नाही. मी त्यांचं अंदाजपत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि कर्जफेडीच्या तक्त्यात उत्तर मिळालं. डिस्ट्रिक्टचं एक जुनं कर्ज त्याच वर्षी फिटत होतं. त्याचा हप्ता वर्षाला ३० लाख डॉलर होता. नवा हप्ता ४४ लाख १५ हजारांचा, जुना ३० लाखांचा जाणार, म्हणून "वाढ" १४ लाख १५ हजारांची. त्याला ७,५०० नं भागा: वर्षाला १८९, महिन्याला सुमारे १६. पत्रकातला आकडा बरोबर होता. त्यांनी यंदाच्या बिलाशी तुलना केली होती.

पण मतदाराला जो निर्णय घ्यायचा आहे तो "यंदा की पुढच्या वर्षी" असा नाही. तो "हो की नाही" असा आहे. "नाही" जिंकलं असतं तर जुनं कर्ज फिटून भाचीचा कर वर्षाला ४०० डॉलरनं उतरला असता. "हो" जिंकलं तर तो १८९ नं चढणार. दोन बिलांमधलं अंतर ५८९ डॉलर. तुमच्या मताची किंमत तेवढी आहे, आणि ज्याला शाळेसाठी मनापासून "हो" म्हणायचं आहे त्यानंही ती माहीत असूनच "हो" म्हणावं असं मला वाटतं. मी स्वतः शाळेत आयुष्य घालवलं आहे. गळक्या छपराखाली मुलं कशी शिकतात ते मला सांगायला नको. म्हणूनच शाळेनं मागितलेला पैसा लोकांनी पूर्ण समजून द्यावा याची मला जास्त काळजी आहे. अर्धवट समजून दिलेल्या पैशाचा राग पुढच्या मतदानात शाळेवर निघतो.

हाच प्रकार कधी आणखी ठळक होतो. "कराचा दर वाढणार नाही" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पत्रक आलं तर लगेच समजा की जुनं कर्ज फिटतंय आणि नवं त्याच्या जागी बसवलं जातंय. वाक्य खरं असतं. "नाही" म्हटलं तर दर उतरला असता, एवढं त्यात लिहिलेलं नसतं.

"नाही" चं बिल काढतानाही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. "नाही" म्हणजे कर आहे तिथंच राहील असं नाही. २०२३ साली विस्कॉन्सिनचे गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी अंदाजपत्रकावर सही करताना आपला अंशतः नकाराधिकार असा वापरला की "२०२४-२५" मधले "२०" आणि मधली रेघ गेली आणि "२४२५" उरलं. दर विद्यार्थ्यामागे ३२५ डॉलरची मर्यादावाढ, जी दोन वर्षांसाठी लिहिलेली होती, ती २४२५ सालापर्यंत दर वर्षी लागू झाली. एप्रिल २०२५ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही ते कायम केलं. आता २०२५ ते २०२७ च्या अंदाजपत्रकात राज्यानं सर्वसाधारण अनुदान वाढवलेलं नाही, त्यामुळे ही वाढ वापरायची तर डिस्ट्रिक्टला मालमत्ता करातूनच वापरावी लागते. भाचीच्या डिस्ट्रिक्टमध्ये ३,००० विद्यार्थी धरले तर ९ लाख ७५ हजार डॉलर, तिच्या वाट्याला दर वर्षी आणखी १३०. रेफरेंडम असो वा नसो, हे १३० दोन्ही बिलांत येतात. ते रेफरेंडमच्या माथी मारू नका आणि "नाही" च्या बिलातून गाळूही नका.

म्हणून कागदावर दोन रकाने आखा. एकावर "हो", दुसऱ्यावर "नाही". पुढच्या पाच वर्षांचे आकडे दोन्हीकडे लिहा: चालू कर्जांचे हप्ते, फिटणारी कर्जं, नवा हप्ता, चालू खर्चाची जुनी मंजुरी संपणार असेल तर तिचं वर्ष. पाचच वर्षं का, तर डिस्ट्रिक्टचे अंदाज त्यापुढे फारसे टिकत नाहीत. हे एका संध्याकाळचं काम आहे. कर्जफेडीचा तक्ता अंदाजपत्रकात सापडला नाही तर डिस्ट्रिक्टच्या बिझनेस ऑफिसला ईमेल करून मागा. तो सार्वजनिक कागद आहे. तक्ता मागण्याचं अजून एक कारण: हप्ते नेहमी समान नसतात. पुष्कळदा पहिली काही वर्षं हलकी ठेवून जुनी कर्जं संपल्यावर नवा हप्ता जड केला जातो. पत्रकातला आकडा पहिल्या वर्षाचा असेल तर तो पाचव्या वर्षाबद्दल काहीच सांगत नाही.

बारीक टाइपात काय शोधायचं

पत्रकाच्या तळाशी चार-पाच ओळी बारीक टाइपात असतात. गृहीत व्याजदर, गृहीत मालमत्तावाढ, राज्याच्या मदतीबद्दलचं गृहीतक. व्याजदर बाजारातल्या दराशी ताडून बघा. ६ कोटींवर ४ च्या जागी ५ टक्के झाले तर वर्षाचा हप्ता सुमारे ४ लाखांनी वाढतो, भाचीच्या घरावर वर्षाला पन्नासेक डॉलर. मालमत्ता दर वर्षी अमुक टक्क्यांनी वाढेल असं धरलं असेल तर जुन्या वर्षांत ती किती वाढली ते बघा.

राज्याच्या मदतीचा भाग किचकट आहे, पण सोडून देण्यासारखा नाही. विस्कॉन्सिनचं अनुदान समानीकरणाच्या सूत्रानं वाटलं जातं. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये दर विद्यार्थ्यामागे मालमत्ता कमी, तिथं वाढीव खर्चाचा काही भाग राज्य पुढच्या वर्षी अनुदानातून उचलतं. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये मालमत्ता भरपूर, उदाहरणार्थ तळ्याकाठच्या महागड्या घरांचं गाव, तिथं उलटं होऊ शकतं: खर्च वाढला की अनुदान घटतं आणि १ डॉलर खर्चासाठी लोकांवर १ डॉलरहून जास्त कर पडतो. आपण काढलेला ५८९ चा आकडा मदत शून्य धरून आहे. डिस्ट्रिक्टनं वेगळं धरलं असेल तर तळटीपेत लिहिलेलं असतं, आणि नसेल तर जाहीर सभेत हाच प्रश्न विचारा.

बिलाच्या खाली ज्या सवलती वजा होतात, फर्स्ट डॉलर क्रेडिट किंवा राहत्या घराला मिळणारं लॉटरीचं क्रेडिट, त्या या हिशेबात आणू नका. त्या शाळेच्या कराच्या दरावर ठरतात, म्हणून दोन रकान्यांत थोड्या वेगळ्या येतात, पण त्या धरल्या तर हिशेब उगाच किचकट होतो.

घर दुसऱ्या राज्यात असेल तर

वाट्याची कल्पना सगळीकडे तीच. बदलतं ते हे, की घराची कुठली किंमत मोजायची.

इलिनॉयमध्ये बहुतेक काउंट्यांत बाजारभावाचा एक तृतीयांश धरतात, शिकागोच्या कुक काउंटीत राहत्या घराचा १० टक्के धरून त्याला राज्याच्या गुणकानं गुणतात, मग राहत्या घराची सूट वजा करतात, आणि दर १०० डॉलरमागे सांगतात. ओहायोत बाजारभावाच्या ३५ टक्क्यांवर मिल लागतात. पत्रकावरचा दर थेट बाजारभावाला लावला तर दोन्ही राज्यांत उत्तर जवळजवळ तिप्पट येतं.

टेक्सासमध्ये शाळेच्या करातून राहत्या घराची मोठी रक्कम वगळली जाते, २०२५ पासून १ लाख ४० हजार डॉलर. ४ लाखांच्या घराचे २ लाख ६० हजारच मोजायचे. तिथं दर १०० मागे ५ सेंट वाढला तर वर्षाला १३० डॉलर. २०१९ च्या कायद्यानं शाळेच्या रोख्यांच्या मतपत्रिकेवर "ही मालमत्ता करवाढ आहे" असं ठळक लिहावंच लागतं, जुनं कर्ज फिटून दर तोच राहणार असला तरीही. म्हणजे विस्कॉन्सिनच्या पत्रकाच्या बरोबर दुसऱ्या टोकाची बाजू. टेक्सासमध्ये वयाच्या ६५ नंतर राहत्या घरावरच्या शाळेच्या कराला कमाल मर्यादा बसते. आईवडील मुलांजवळ राहतात आणि घर त्यांच्या नावावर आहे अशा कुटुंबांनी हे आधी बघावं.

कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ या कायद्यामुळे घर विकलं जाईपर्यंत त्याची करपात्र किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही. शाळेचे रोखे या करपात्र किमतीवर बसतात, त्यामुळे नुकतंच घर घेतलेल्या आपल्या मुलाला शेजारच्या तशाच घरातल्या जुन्या रहिवाशाच्या कितीतरी पट भार पडतो. ५५ टक्के मतांनी मंजूर होणाऱ्या रोख्यांना युनिफाइड डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे प्राथमिक ते हायस्कूल एकाच मंडळाखाली असलेल्या) अंदाजे दराची मर्यादा आहे, १ लाख करपात्र किमतीमागे ६० डॉलर, आणि ती प्रत्येक कौलाला वेगळी लागते. तीन जुने रोखे चालू असतील तर चौथा त्यांच्या वर बसतो.

मिनेसोटात चालू खर्चाचा कर बाजारभावावर आणि कर्जाचा वेगळ्या मोजणीवर असतो, आणि तळ्याकाठच्या हंगामी कॅबिनला चालू खर्चाचा रेफरेंडम लागत नाही. न्यू जर्सीत इमारतींच्या कौलाला राज्याची मदत मिळत असेल तर ती मंजूर झालेल्या कर्जाच्या हप्त्यावर मिळते, म्हणून तिथल्या "नाही" च्या रकान्यात ती धरता येत नाही.

बँकेचा हप्ता

भाचीच्या घराचा कर बँक भरते. दर महिन्याच्या गृहकर्जाच्या हप्त्यात कराचा बारावा भाग मिसळलेला असतो, तो एस्क्रो खात्यात साठतो. यातली एक गोष्ट तिथल्या जाणत्या लोकांच्याही लक्षात येत नाही. करवाढ डिसेंबरच्या बिलात येते, पण बँक वर्षभर जुन्याच हिशेबानं पैसे गोळा करत आलेली असते. मग बँक फेरहिशेब करते आणि पुढच्या वर्षी दोन गोष्टी एकदम मागते: मागची तूट आणि पुढचा वाढलेला दर. बिल खरोखर १८९ नं वाढलं, तर तुटीचे महिन्याला १६ आणि वाढीचे महिन्याला १६, असा हप्ता पहिल्या वर्षी महिन्याला ३२ नं चढतो. दुसऱ्या वर्षी तूट फिटली की ही वाढ अर्ध्यावर येते. हे माहीत नसलं की लोक घाबरतात आणि शाळेनं दुप्पट कर लावला म्हणून शिव्या घालतात. तूट एकरकमी भरायची मुभा असते. हातात पैसे असतील तर ते सुटसुटीत.

केंद्राच्या आयकरात मालमत्ता करामुळे काही सुटेल का असंही विचारतात. ठोक वजावट घेत असाल, म्हणजे बहुसंख्य लोक घेतात ती, तर काही सुटत नाही. खर्च तपशीलवार दाखवत असाल तर राज्य आणि स्थानिक करांची वजावट २०१८ पासून १० हजार डॉलरला अडली होती, २०२५ साठी ती ४० हजार केली आहे आणि उत्पन्न ५ लाखांपुढे गेलं की घटत जाते. १० हजारांना अडलेल्या कुटुंबांनी जुना हिशेब पुन्हा करून बघावा.

मतदानाआधी आणि बिल आल्यावर

भाचीकडे अजून ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. मत देता येत नाही आणि बिल मात्र येतं. अशा आपल्या कितीतरी मुलांना वाटतं, मग हिशेब करून काय उपयोग? शाळा मंडळाच्या जाहीर सभेत बोलायला मतदार असावं लागत नाही. "जुनं कर्ज फिटल्यावर 'नाही' चं बिल किती असेल, ते पत्रकात का छापलं नाही?" हा प्रश्न तिनं सभेत उभं राहून, अगदी नम्रपणे विचारला. त्यांच्या बिझनेस मॅनेजरनं तिथल्या तिथं आकडा दिला आणि पुढच्या पत्रकात दोन्ही रकाने आले.

कौल मंजूर झाला तर तारखा अशा: १५ ऑक्टोबरच्या सुमारास राज्य त्या वर्षाचं अनुदान पक्कं करतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत मंडळ कर ठरवतं, डिसेंबरमध्ये बिल येतं आणि पहिला भाग ३१ जानेवारीपर्यंत भरायचा असतो. विस्कॉन्सिनच्या बिलावर खालच्या बाजूला एक लहानशी चौकट असते, तिच्यात मतदारांनी मंजूर केलेल्या तात्पुरत्या करवाढीची नोंद असते: कुठली संस्था, एकूण किती, तुमच्या मालमत्तेवर किती, आणि कुठल्या वर्षी संपणार. आपल्या कागदावरचा आकडा त्या चौकटीतल्या तिसऱ्या रकान्याशी ताडा. पाच-दहा डॉलरचा फरक असेल तर सोडून द्या. मोठा असेल तर आधी घराचा बाजारभाव बदलला आहे का ते बघा, मग डिस्ट्रिक्टची एकूण किंमत. कायमच्या मंजुरीची रक्कम या चौकटीत येत नाही, ती शाळेच्या मुख्य ओळीतच मुरलेली असते, म्हणून ती शोधायची तर दोन वर्षांची बिलं शेजारी ठेवावी लागतात. आणि घराची किंमतच जास्त लावली आहे असं वाटत असेल, तर त्याची दाद शाळेकडे नाही, गावाच्या बोर्ड ऑफ रिव्ह्यूकडे मागायची असते. त्याची मुदत असेसरच्या नोटिशीवर छापलेली असते.